तुळशीत भांग

अल्मोड्याला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कौसानीहून हिमशिखरे पाहा, कटारमलचे सूर्यमंदिर चुकवू नका, जागेश्वरच्या देवदारांत एक रात्र काढा आणि परतताना लाला बाजारातून बालमिठाईचा डबा आणायला विसरू नका. २०२३ सालच्या सप्टेंबरात, गणपतीच्या सुटीला थोडी रजा जोडून, आम्ही उभयतांनी हे सारे यथासांग पार पाडले. त्यावर इतरांनी इतके लिहिले आहे की माझी आणखी भर नको. पण काठगोदामपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना, घरांच्या पाठीमागे, गोठ्यांजवळच्या उकिरड्यांवर आणि पुलांच्या कठड्यांना बिलगून जे पुरुषभर उंचीचे झाड शेकड्यांनी उभे होते, त्याच्याकडे पाहा असे मात्र कोणीच सांगितले नव्हते.

"हे कसले झाड?" मी जीपवाल्याला विचारले.

"भांग है, साब," तो म्हणाला. आपल्याकडचा माणूस 'टाकळा आहे' असे ज्या स्वरात सांगेल, अगदी त्याच स्वरात.

माझा आणि भांगेचा संबंध तोवर केवळ व्याकरणापुरता होता. तो भांग आणि ती भांग! नुसते लिंग बदलले की अर्थ केसांवरून थेट डोक्याच्या आत कसा उतरतो, हे उदाहरण मी दरसाल प्रथम वर्षाच्या वर्गाला देतो आणि मुलेही दरसाल त्याच जागी हसतात. दुसरा संबंध म्हणींचा. सज्जनाच्या पोटी दुर्जन निपजला की आपण 'तुळशीत भांग' म्हणतो. उलट घडले की 'भांगेत तुळस'. या जोडगोळीचा अर्थ मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. शेतीतल्या एका खऱ्याखुऱ्या पेचाला ती अक्षरशः लागू पडते, हे मात्र मला कुमाऊँच्या एका खेड्यात पाच दिवस राहिल्यावर कळले.

हे खेडे अल्मोड्याच्या पलीकडे, जीपने दीड तास आणि पुढे पायवाटेने अर्धा तास, अशा अंतरावर आहे. तेथले एक निवृत्त शाळामास्तर एकदा एका चर्चासत्रात माझ्या शेजारी बसले होते. व्याख्यानाचा कंटाळा हा आम्हां दोघांतला समान धागा निघाला आणि 'कधीतरी आमच्या गावी या' हे त्यांचे बोलणे मी, शहरी रिवाज मोडून, खरे मानले. गावात घरे बेचाळीस. चुलीचा धूर निघतो तो सतरा घरांतून. बाकीच्यांना कुलपे आहेत, आणि काही घरांना तर कुलूप आहे पण छप्पर नाही. पहाडात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातली हजारावर गावे निर्मनुष्य म्हणून नोंदली गेली. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ साली जो अहवाल दिला त्यात, त्यानंतर आणखी ७३४ गावे ओस पडल्याचे म्हटले आहे.

पहिल्या रात्री मास्तरांच्या घरी जेवायला मडव्याची भाकरी – म्हणजे आपली नाचणीचीच – गडेरीची भाजी आणि एक करड्या-हिरव्या रंगाची चटणी असा बेत होता. गडेरी म्हणजे आपल्या अळकुड्यांची थोरली बहीण. चटणीने मात्र सौ.चे लक्ष वेधून घेतले. आमच्या घरी कारळ्याची, जवसाची, तिळाची अशा सगळ्या चटण्यांचा राबता आहे. पण ही चव त्यांतल्या कोणाचीच नव्हती. अक्रोडासारखी थोडी, जवसासारखी थोडी, आणि वर पहाडी लिंबाचा आंबटपणा. स्वयंपाकघरात मास्तरांच्या चुलत घराण्यातल्या एक आमा बसल्या होत्या. कुमाऊँनीत आजीला आमा म्हणतात; वय अठ्ठ्याहत्तर, पण पाटा-वरवंटा अजून दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. ही चटणी भांगेच्या बियांची, असे त्यांनी सांगितले तेव्हा सौ.चा घास हातातच राहिला.

"हिने नशा चढत नाही ना?" तिने भीतभीत विचारले.

"चढली असती तर आमचा गाव रिकामा झाला असता काय?" आमा म्हणाल्या. "सगळे इथेच लोळत पडले असते!"

बियांत नशा नसते ही गोष्ट खरी. त्यांत तीस टक्क्यांच्या आसपास तेल असते आणि वीस ते पंचवीस टक्के प्रथिने. नशेचे द्रव्य असते ते मादी झाडाच्या तुऱ्यांवरच्या चिकट रसात. बी, तिचे तेल आणि पीठ यांना केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने २०२१ च्या नोव्हेंबरात खाद्य म्हणून रीतसर मान्यता दिली. आमांची सासू ही चटणी वाटत होती त्या वेळी हे खाते जन्मालाही यायचे होते.

दुसऱ्या दिवशी आमांनी आम्हांला त्यांच्या घरामागच्या दोन पायऱ्यांच्या शेतात नेले. पपईप्रमाणेच भांगेतही नर आणि मादी झाडे वेगळी. नर झाड सडपातळ, उंच, पाने विरळ, आणि अंगावर फिकट हिरव्या-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस. मादी झाड ठेंगणे, भरदार, पानांत बुडालेले. आमा त्यांना नर-मादी म्हणत नाहीत. 'फुलाचे' आणि 'बियाचे' म्हणतात. फुलाचे झाड आधी उपटायचे, त्याची साल मऊ आणि धागा बारीक. बियाचे कार्तिकापर्यंत उभे ठेवायचे. त्याचा धागा जाड, दोरखंडाच्या कामाचा. काड्या वाळवायच्या, ओढ्याच्या डोहात दगडांखाली पंधरा दिवस कुजवायच्या आणि मग साल हाताने सोलून काढायची.

आमांचे हे नामकरण मला फार आवडले. इंग्रज शेतकऱ्यांनी या बाबतीत विलक्षण घोटाळा करून ठेवला आहे. जुन्या इंग्रजी शेतीत नर झाडाला 'फिंबल' म्हणत, आणि त्या शब्दाचे मूळ स्त्रीवाचक लॅटिन शब्दात आहे. बी धरणाऱ्या मादीला म्हणत 'कार्ल', म्हणजे रांगडा गडी! नाजूक ती बाई आणि थोराड तो बुवा, एवढाच त्यांचा हिशेब. वनस्पतींत नर-मादी असतात हे मुळी तेव्हा प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी कॅमेरारियसने १६९४ साली ते प्रयोगांनी दाखवले. त्यात भांगेची झाडेही होती, आणि नरापासून दूर ठेवूनही मादीने थोडे बी धरलेच, म्हणून तो बुचकळ्यात पडला होता. ज्याने सबंध वनस्पतिसृष्टीचे लिंगरहस्य उलगडले त्याला चकवणारे झाड ते हेच.

या झाडाचा कुमाऊँ-गढवालशी संबंध फार जुना आहे. भांगेच्या धाग्याचे जाडेभरडे कापड, पोती आणि दोर इथे पिढ्यान्पिढ्या होत आले. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा धागा मिळेनासा झाला तेव्हा इंग्रजांनाही या पहाडाची आठवण झाली. १८५५ साली रॉइल याने हिंदुस्थानातल्या धाग्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला त्यात हिमालयातल्या भांगेचा विचार बराच आला आहे. पण वरच्या मानल्या गेलेल्या जातींनी हे पीक हलके मानले. 'तुझ्या घरात भांग पेरली जावो' ही या भागातली नेहमीची शिवी होती, अशी नोंद त्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी करून ठेवली आहे.

मास्तरांनी ही शिवी मला सांगितली ती एका ओस घरासमोर उभे राहून. भांगेला ओल, उजेड आणि खतावलेली जमीन लागते. गुरे बांधलेली जागा, राखेचा ढीग, पडक्या घराचे अंगण या गोष्टी तिला फार मानवतात. त्या घराच्या दारावर कोरीव लाकडी चौकट होती, चौकटीला गंजलेले कुलूप होते, आणि छप्पर कोसळलेल्या माजघरात तीन-साडेतीन मीटर उंच भांग दाटीने उभी होती. शिवी देणारा कोण होता कोणास ठाऊक. ती फळाला मात्र आली होती.

आता ज्याच्यासाठी हे सारे सांगितले तो मनुष्य. गावात त्याला सगळे 'दिल्लीवाला' म्हणतात. वय तिशीचे. दिल्लीत सात वर्षे एका कंपनीच्या गोदामात हिशेब लिहीत होता. २०२० च्या टाळेबंदीत पायी, ट्रकने आणि पुन्हा पायी असा घरी परतला आणि परत गेला नाही. जमीन वडिलोपार्जित, सोळा नाली. वीस नाली म्हणजे साधारण एक एकर. दोन वर्षे त्याने भाजी लावली. एक वर्ष माकडांनी खाल्ली, एक वर्ष रानडुकरांनी. भांगेला ही मंडळी सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज करून औद्योगिक भांगेचा, म्हणजे हेंपचा परवाना मिळवला.

हा परवाना कसा शक्य झाला, ते थोडक्यात सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी केली. नुसती पाने आणि बी यांना मात्र, तुरे सोबत नसतील तर, गांजाच्या व्याख्येतून वगळले. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात धागा आणि बी यांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते अशी सोय आहे. तिचा उपयोग करून असे परवाने देण्यात उत्तराखंड २०१८ साली देशात पहिले ठरले. अट एक: झाडात टीएचसी, म्हणजे ते नशेचे द्रव्य, ०.३ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. हजारात तीन भाग. त्याच्या आत असाल तर तुम्ही प्रगतिशील शेतकरी. बाहेर गेलात तर पीक नष्ट.

दिल्लीवाल्याने कमी टीएचसीचे बी बाहेरून, चांगले पैसे मोजून आणले होते. त्याचे शेत पाहण्यासारखे होते – सरळ ओळी, सारख्या उंचीची झाडे, कडेने तारेचे कुंपण आणि परवाना क्रमांकाची पाटी. पण त्याचा जीव त्या शेतात नव्हता. तो शेताबाहेर होता.

"दाज्यू, उद्या पहाटे माझ्याबरोबर चला," तो मला म्हणाला. दाज्यू म्हणजे थोरला भाऊ. "माझी खरी शेती दाखवतो."

पहाटे साडेपाचला निघालो. हाती विळा आणि गोणपाट. वाटेच्या कडेला, धाऱ्यापाशी, शाळेच्या मागे, पडक्या घरांच्या अंगणांत जेथे जेथे रानभांगेचे नर झाड दिसेल तेथे थांबून तो ते अलगद वाकवी, गोणपाटात घोस गुंडाळी आणि मुळासकट उपटी. पहाटेच का, तर दवाने फुले ओली असतात. ऊन वर आले की ती उकलतात, पराग उडू लागतो, आणि दिवसा दरीतला वारा उताराने वर चढतो तो सगळा त्याच्या शेतावरून. एक घोस मी हातात घेऊन सूर्याकडे धरला आणि टिचकी मारली. पिवळसर धुराची एक झुळूक निघाली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. एक कण मिलिमीटरच्या सुमारे चाळीसाव्या भागाएवढा, आणि असे एकेका झाडावर कोट्यवधी. भांगेला मधमाशीची मनधरणी करावी लागत नाही. तिचे लग्न वारा लावतो.

"हा वारा कुठवर नेतो?" मी विचारले.

या प्रश्नावर त्याने किती वाचले होते! दक्षिण स्पेनमध्ये हवेतले पराग मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना भांगेचे कण सापडले. ते आले होते समुद्रापलीकडून, मोरोक्कोतल्या चरसाच्या डोंगरांतून. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला आहे. इतक्या दूर आलेल्या कणांतून किती बी धरेल हा प्रश्न वेगळा; पण शुद्ध बियाणे तयार करणारे लोक दोन जातींत पाच किलोमीटरच्या आसपास अंतर ठेवायला सांगतात ते काही उगीच नव्हे. "पाच किलोमीटर!" तो हसला. "या डोंगरात पाच किलोमीटर म्हणजे चार गावे. मी चार गावांची भांग उपटू?"

त्याची धास्ती नेमकी कशाची, हे मला समजायला थोडा वेळ लागला. रानभांगेचा पराग त्याच्या मादी झाडावर पडला म्हणून ते झाड त्या वर्षी बिघडत नाही. पाने, खोड, तुरे सारे आईचे. ते होते तसेच राहते, आणि तपासणीला गेलेला नमुनाही ठीक उतरतो. बिघडते ते पोटातले बी. त्या बियेत आईकडून हेंपचा वारसा येतो आणि बापाकडून चरसाचा, आणि पुढल्या वर्षी ते पेरले की दोन्ही गुण झाडात उतरतात. म्हणजे घरचे बी पेरणारा शेतकरी दोन-तीन वर्षांत, काही न करता, गुन्हेगार होऊन बसतो! ते टाळायचे तर दरसाल नवे बी विकत घ्यायचे, आणि मग सोळा नालींच्या शेतीत उरते काय? बी घरचे ठेवता आले, शेजारच्या गावांना विकता आले, तरच हे पीक पहाडाला परवडेल, असा त्याचा हिशेब होता.

हीच तक्रार उलट्या तोंडाने अमेरिकेत ऐकू येते. तिकडे २०१८ च्या शेती कायद्याने हेंपची लागवड देशभर मोकळी झाली, आणि ऑरेगॉन, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत गांजाची शेतीही कायदेशीर आहे. तिथला गांजावाला हेंपवाल्याच्या नावाने बोटे मोडतो. गांजाच्या मादीला बी धरता कामा नये. बी धरले की झाडाची सगळी शक्ती लेकरांकडे जाते, रस उणावतो, माल हलका ठरतो. शेजारी कोणी बियांसाठी हेंप लावला, म्हणजे नर झाडे उभी केली, की याचे वर्ष गेले. कॅलिफोर्नियातल्या काही कौंट्यांनी यासाठी हेंपलाच मज्जाव केला. म्हणजे तिथे तुळस गांजाची आणि भांग हेंपची. इथे तुळस हेंपची आणि भांग रानातली. म्हण तीच, कुंडी तेवढी बदललेली.

आपल्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे समजू नये. बंगालातल्या नौगाव भागात सरकारी परवान्याने गांजा पिके तेव्हा नर झाडे ओळखून काढण्यासाठी खास जाणकार बोलावीत. 'पारखदार' असे त्यांचे एक नाव होते. एक झाड नजरेतून निसटले तर सबंध शेताचे नुकसान, म्हणून त्या माणसाच्या डोळ्याला मोल. मध्य प्रांतात खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, ही गांजाच्या पिकाची ठिकाणे होती. १८९३-९४ च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने या सगळ्याची तपशीलवार चौकशी केली आहे. त्या कमिशनच्या नावातला 'हेंप' म्हणजे आपला गांजा. इंग्रजाने हा शब्द इतका सढळ हाताने वापरला की आपल्या तागालाही तो 'सन हेंप' म्हणाला आणि अंबाडीला 'डेक्कन हेंप'. अंबाडीच्या शास्त्रीय नावात तर अजूनही भांग लपलेली आहे.

दिल्लीवाल्याच्या बोलण्यात तो ०.३ चा आकडा पुनःपुन्हा येत होता. मला वाटत होते, एवढा काटेकोर आकडा म्हणजे त्याच्या अलीकडे शुद्धी आणि पलीकडे नशा अशी काही निसर्गाची रेघ असणार. तसे काही नाही. कॅनडातले वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ साली, क्रॉन्क्विस्ट यांच्यासह, या झाडाचे वर्गीकरण करताना कोवळ्या पानांतल्या प्रमाणावरून ही सीमा आखली, आणि ती केवळ सोयीसाठी ठरवलेली आहे असे स्पष्ट लिहूनही ठेवले. पुढे निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी तो आकडा उचलला. वर्गीकरणाच्या सोयीची रेघ कुमाऊँच्या पायऱ्यांच्या शेतात फौजदारी रेघ होऊन उतरली. कुमाऊँची स्वतःची भांग, आमांची आणि रानातली, तिच्या पलीकडे पडते. ती कोणी नशेसाठी मुद्दाम तशी केलेली नाही.

आणि म्हणूनच दिल्लीवाल्याची खरी अडचण रानातली भांग ही नव्हती. ती उपटता येत होती. अडचण होती आमांची दोन पायऱ्यांची शेती, त्याच्या कुंपणापासून जेमतेम शंभर पावलांवर. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने आमांनाही परवाना हवा. पण आमा आणि कायदा यांची अजून गाठ पडलेली नाही.

चौथ्या संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर हा विषय निघाला, किंवा मास्तरांनी तो मुद्दाम काढला. दिल्लीवाला आधी गप्प होता. मग अगदी अजिजीने म्हणाला, "आमा, तुझी फुलाची झाडे तेवढी उमलायच्या आधी काढत जा. बियाची राहू दे. मी काही जास्त मागत नाही."

आमा मटार सोलावा तसे कसलेतरी दाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि मग माझ्या बियांना बाप कोण, च्यला?"

कोणी बोलले नाही.

"तुझीच झाडे ना? तुझ्या कुंपणाला वारा अडतो का?" आता त्यांनी वर पाहिले. "तू आलास त्याला दोन पावसाळे झाले. या खेपेचे बी बघ." त्या उठून आत गेल्या आणि दोन तुंबड्या घेऊन आल्या. एकीतले बी टपोरे, करडे, ठिपकेदार. दुसरीतले थोडे बारीक आणि फिकट. "हे सासूबाईंच्या वेळचे चालत आलेले. हे परवाच्या कार्तिकातले. वाटताना तेल सुटत नाही पहिल्यासारखे. मी तुला म्हटले, तुझी झाडे उपट म्हणून?"

बारीक बियांना तोच कारण की पावसाची ओढ, हे मी सांगू शकत नाही. पण तिचा मुद्दा बिनतोड होता. दिल्लीवाल्याच्या डोळ्यांत आमांचा पराग म्हणजे भेसळ. आमांच्या डोळ्यांत दिल्लीवाल्याचा पराग म्हणजे भेसळ. त्याच्या बाजूने पाटी होती, परवाना होता, प्रयोगशाळा होती. आमांच्या बाजूने एक तुंबडी. त्याचे बी हरवले तर ते पैसे टाकून पुन्हा आणता येते. तुंबडीतले बी कोणत्या दुकानातून आणायचे?

मास्तरांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. एकाने आधी पेरावे, दुसऱ्याने महिन्याने, म्हणजे फुलोरा मागेपुढे होईल. मक्यात असे करतात. दिल्लीवाल्याने मान हलवली. भांग पेरणीची तारीख पाळत नाही, रात्रीची लांबी पाळते. दिवस आखडू लागले की लवकरची काय, उशिराची काय, बरोबरच फुलावर येते. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जमीन घ्यावी, तर तिथे दोन गावे पूर्ण ओस आहेत, म्हणजे घराघरातून भांग. मास्तरांचे उपाय संपले.

उपाय शेवटी आमांनीच काढला, आणि तो बियाणे राखणाऱ्या जुन्या माणसाचाच उपाय होता. "एक साल तू पेर, एक साल मी पेरीन. बी दोन साल तुंबडीत राखेत राहते. माझ्या सालात तू गहू कर, मसूर कर, काय हवे ते कर. तुझ्या सालात माझ्या चटणीला बी तू द्यायचे."

"आणि माकडे?" दिल्लीवाला म्हणाला. "डुकरे?"

"ती काय माझी आहेत?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते की तो मनाशी आकडे मांडत आहे. एक वर्षाआड पीक म्हणजे निम्मे उत्पन्न. पण स्वतःचे बी शुद्ध राहिले तर दरसालचा बियाण्याचा खर्च वाचतो. रानातली नर झाडे उपटण्याचे काम तर दोन्ही सालांत करायचेच. आता ते आमांच्या सालात आमांसाठी. मला त्याची दया आली आणि आमांचे कौतुक वाटले, आणि या दोन्ही भावनांचा त्या ओसरीवर कोणालाच उपयोग नव्हता. "बघतो, आमा," एवढेच म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आमांनी सौ.ला एका फडक्यात चटणीचे दाणे बांधून दिले, भाजलेले. कच्चे देऊ का, असे त्यांनी विचारले नाही.

दिल्लीवाल्याचा फोन त्यानंतर दोनदा आला. पहिला फाल्गुनात. त्याचा नमुना मर्यादेच्या आत उतरला होता. मात्र त्याच काळात गाझियाबादेहून एका गृहस्थाने मास्तरांकडे तक्रार केली होती की, माझ्या बंद घराच्या अंगणात शिरून कोणीतरी झाडे उपटली. हे गृहस्थ अकरा वर्षांत गावी आले नव्हते. मास्तरांनी त्यांना कळवले की झाडे भांगेची होती, हवी असल्यास सरकारदरबारी आपल्या नावावर नोंदवतो. त्यावर उत्तर आले नाही.

दुसरा फोन २०२४ च्या दिवाळीनंतर. त्या साली आमांनी पेरले नव्हते. पहिली पाळी त्याची होती. ठरल्याप्रमाणे त्याने चटणीसाठी दोन किलो बी आमांकडे पोचते केले.

"खाल्ली का मग आमांनी चटणी?" मी विचारले.

"खाल्ली, दाज्यू. मला बोलावून, समोर बसवून, माझ्या देखत खाल्ली," तो म्हणाला. "पण लिंबे दोन जास्त पिळली."